बाळ एनआयसीयूत, आपण दाराबाहेर : पुण्यातल्या कुटुंबांनी पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो हे एनआयसीयूबाहेर, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर, बसलेल्या बहुतेक कुटुंबांना कळतं, तेव्हा डिस्चार्ज एका दिवसावर आलेला असतो. बिलिंगच्या खिडकीवर कोणीतरी म्हणतं, "एकदा सोशल वर्करला भेटून बघा." मग बाळाचे बाबा बिल हातात घेऊन धावत येतात आणि आमच्या पहिल्याच प्रश्नाला त्यांचा चेहरा पडतो : "उत्पन्नाचा दाखला आहे का?" दाखला निघायला दिवस लागतात आणि बाळ तर उद्या घरी जाणार असतं. मदतीच्या बहुतेक योजना उपचार चालू असतानाच लागू होतात. पैसे भरून बाहेर पडलात की मागाहून कोणी परत देत नाही.

मी पुण्यात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. सरकारी रुग्णालयात या पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात, ट्रस्टच्या रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर. लोकांच्या लेखी आम्ही 'बिल कमी करून देणाऱ्या मॅडम'. ते काम आहेच. पण आईला बाळाजवळ बसायला मिळतंय का, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना नीट कळलंय का, आजीचा राग कोणावर निघतोय, बाबांची नोकरी टिकेल का, हेही आमच्याच टेबलावर येतं. त्यामुळे बाळ आत गेलं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, आमच्याकडे या. पैशांची अडचण नसली तरी या.

बाळ एका रुग्णालयात, आई दुसऱ्या

पुण्यात हे रोजचं आहे. बाळंतपण चाकण, शिरूर, दौंड नाहीतर जुन्नरच्या नर्सिंग होममध्ये होतं, बाळाला श्वासाचा त्रास होतो आणि त्याला शहरात हलवतात. आई टाक्यांसकट तिथेच राहते. बाळासोबत येतात बाबा आणि एखादा काका.

निघण्याआधी, पुढे बेड रिकामा आहे का हे इथल्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलून पक्कं करावं, असा आग्रह धरा. बाळाला घेऊन तीन रुग्णालयांची दारं ठोठावण्यात जो वेळ जातो तो फार महागात पडतो. सरकारी यंत्रणेत १०२ ची गाडी माता आणि बाळासाठी मोफत असते, तातडीच्या वेळी १०८.

रेफरल चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका, आणि गाडी येईपर्यंत ती वाचा. किती आठवड्यांचं बाळ, वजन किती, जन्मताच रडलं का, पाणी कधी गेलं होतं, कळा लवकर सुरू झाल्यावर आईला बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली होती का, बाळाला व्हिटॅमिन के दिलं का, आईचा रक्तगट आणि एचआयव्ही, कावीळ बी वगैरेचे रिपोर्ट, हे सगळं त्यात हवं. नसेल तर तिथल्या सिस्टरांकडून लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांचे पहिले प्रश्न हेच असतात, आणि रात्री दोन वाजता फोनवर ते विचारत बसावं लागतं. रक्त लागलं तर जुळणीसाठी आईच्या रक्ताचा नमुना मागू शकतात, तेही आधीच विचारून ठेवा.

बाळाच्या पायाला 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव अशी पट्टी बांधतात. जुळी असतील तर ट्विन वन, ट्विन टू. इथे आईचं नाव आधार कार्डावर आहे तसंच्या तसं लिहून घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी, आधारवर लग्नाआधीचं नाव, रेशन कार्डात नाव अजून माहेरच्या कुटुंबात, आणि ॲडमिशनच्या कागदावर सासरचं आडनाव, अशी खिचडी झाली की पुढे प्रत्येक योजनेत फाईल परत येते.

आईला खोटं सांगू नका. "बाळ छान आहे, झोपलंय" असं चार दिवस सांगून पाचव्या दिवशी तिला व्हेंटिलेटरवरचं बाळ दाखवणं हा तिच्यावर अन्याय आहे. जमल्यास बाळाचा एक फोटो आणि डॉक्टरांचा एक फोन तिला त्याच दिवशी मिळू द्या. तिला त्याच रुग्णालयात हलवता येईल का हेही लगेच विचारा. बाळाला दूध लागणार आहे हे एवढं एकच कारण त्यासाठी पुरेसं आहे.

आत काय चाललंय ते समजून घ्या

पहिल्यांदा आत गेल्यावर बाळ दिसतच नाही, नळ्या दिसतात. पायाला लाल दिव्याचा सेन्सर, छातीवर वायरी, नाकात सीपॅपचे (श्वासाला हवेच्या दाबाने मदत करणाऱ्या यंत्राचे) खुंट, बेंबीत नाहीतर हातात सलाईन. वर मॉनिटर सारखा वाजतो. प्रत्येक आवाज म्हणजे संकट नव्हे. बाळाने पाय हलवला आणि सेन्सर सरकला तरी अलार्म होतो. सिस्टर मान वर करून बघतात आणि शांत राहतात, तेव्हा तुम्हीही शांत राहायला हरकत नाही.

वजन घटलं म्हणून घरचे घाबरतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वजन पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. 'कधी घरी सोडणार' याचं उत्तर डॉक्टर टाळतात असं वाटतं, पण ढोबळ अंदाज तुम्हीच लावू शकता. फार लवकर जन्मलेलं बाळ सहसा मूळ तारखेच्या आसपास घरी जातं. आठ आठवडे आधी आलं असेल तर रजा, पैसा आणि मोठ्या मुलाची शाळा यांची आखणी आठ दिवसांची नको, दीड-दोन महिन्यांची करा.

एक दोनशे पानी वही घ्या. डॉक्टर रोज ज्या वेळी बोलतात ती वेळ विचारून ठेवा आणि शक्यतो रोज त्याच दोघांनी जा, आई हिंडती-फिरती झाली की ती आणि बाबा. वहीत तारीख, वजन, दूध किती मिली, ऑक्सिजन किती, नवीन काय सुरू झालं, काय बंद झालं. विचारायचे प्रश्न मोजकेच : आज बाळाला सगळ्यात मोठा धोका कशाचा आहे? कालच्यापेक्षा काय बदललं? पुढच्या दोन दिवसांत काय अपेक्षित आहे? कुठला खर्च नव्याने येणार आहे? सही मागितली तर कागद वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून सांगा म्हणा. समजावून घेतल्यावर सही करणं हा तुमचा हक्क आहे, त्यात कोणाचा अपमान होत नाही. बोलणं डोक्यावरून गेलं तर मला बोलवा. डॉक्टरांच्या शेजारी बसून तेच पुन्हा साध्या शब्दांत सांगणं हा माझ्या कामाचा भाग आहे.

व्हॉट्सॲपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एकाच माणसाने रोज एक निरोप टाकावा. नाहीतर साताऱ्याच्या आत्यापासून हिंजवडीच्या मित्रापर्यंत प्रत्येकाला तेच सांगता सांगता आई-बाबांचा दिवस संपतो.

कागद आणि पैसे

आधी आपण कुठल्या प्रकारच्या रुग्णालयात आहोत ते ओळखा, कारण वाट त्यावर ठरते.

सरकारी रुग्णालयात, म्हणजे ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय वगैरे ठिकाणी, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू होतो. हा कार्यक्रम जून २०११ मध्ये देशभर सुरू झाला. आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि घरी सोडण्याची गाडी यात मोफत आहे. पुढे एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळांनाही तो लागू झाला. तरीही औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानासाठी हातात आली तर पैसे देण्याआधी समाजसेवा विभागात दाखवा. ससूनमध्ये रुग्णांना दगडूशेठ गणपती ट्रस्टतर्फे जेवण मिळतं. बाळंतिणीने वडापाववर दिवस काढायची गरज नाही.

खाजगी किंवा ट्रस्टचं रुग्णालय असेल तर पहिला थांबा आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डापुरती होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. आता ती आयुष्मान भारतशी जोडून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, पांढऱ्या कार्डासकट, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांची आहे. आरोग्यमित्राला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : रुग्णालय योजनेत आहे का, आणि नवजात बाळांच्या उपचारांसाठी आहे का? काही रुग्णालयं योजनेत असतात, पण हृदय किंवा हाडांच्या उपचारांपुरतीच. बाळाचं नाव रेशन कार्डावर नसणं ही अडचण नाही. ते असणारच नाही. आई किंवा वडिलांचं कार्ड, आधार आणि बाळाच्या जन्माचा कागद यांवर काम होतं. रेशन कार्ड लातूरचं असलं तरी चालतं, योजना राज्यभराची आहे. परराज्यातून कामाला आलेल्यांनी आपलं आयुष्मान कार्ड आहे का ते तपासावं. मंजुरी उपचार सुरू असताना ऑनलाइन घ्यावी लागते, म्हणूनच घाई करा असं म्हणते. अडचण आली तर योजनेची हेल्पलाइन १५५३८८.

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयाची. पुण्यातली कितीतरी मोठी, चकचकीत रुग्णालयं सार्वजनिक न्यासांची आहेत, हे बाहेरून कळत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयाला दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर निर्धन, तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. कागद लागतात ते तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि आधार. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवायचं नाही, हेही त्याच योजनेत आहे. एनआयसीयूतली खाट 'धर्मादाय'मध्ये बसत नाही असं काउंटरवर कोणी तोंडी सांगितलं तर तेवढ्यावर परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरी दाद लागली नाही तर पुण्यातच धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय आहे.

तिसरी वाट मुख्यमंत्री सहायता निधी. मदत मिळणाऱ्या आजारांच्या यादीत नवजात बाळांचे आजार आहेत. रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि बाळाच्या बाबतीत आईचं आधार जोडावं लागतं. बाळ दाखल असतानाचा फोटोही मागतात. रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते. फुले योजना लागू असेल तर आधी ती, हा निधी त्यानंतर.

पुणे महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी शहरी गरीब योजना आहे. तिची चौकशी पालिकेच्या आरोग्य विभागात करा. भोसरी, चाकण, रांजणगावच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी पगाराच्या स्लिपवर ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जातं का ते आधी बघावं. कंत्राटी कामगारांचंही कापलं जातं आणि त्यांना ते माहीतच नसतं. बिबवेवाडी किंवा चिंचवडच्या मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयातून रेफरल घेतलं तर बाहेरच्या संलग्न रुग्णालयातला खर्चही त्यात बसू शकतो, पण रेफरल आधी लागतं. आयटीवाल्यांनी एचआरला त्याच आठवड्यात मेल करावी. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाळाला बहुधा पहिल्या दिवसापासून कव्हर असतं, मात्र नाव जोडायची मुदत असते. वैयक्तिक पॉलिसीत बऱ्याचदा नव्वद दिवसांची अट असते. ती कागदावर वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका.

आता त्या उत्पन्नाच्या दाखल्याकडे वळू. महा ई-सेवा केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज होतो. बाळाच्या बाबांनी एनआयसीयू सोडून रांगेत उभं राहायची गरज नाही, हे काम काका-मामांना द्या. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "काही लागलं तर सांगा." त्यांना हेच सांगा. रुग्णालयाचं पत्र सोबत जोडलं तर दाखला लवकर मिळावा म्हणून तहसीलमध्ये विनंती करता येते. ते पत्र आम्ही देतो. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, एक प्लास्टिकची फाईल, आणि सगळ्याचे फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये.

'साहेब, माझी ओळख आहे, मंजुरी आणून देतो' म्हणणारे लोक रुग्णालयाच्या चहाच्या टपरीवर भेटतात. वर लिहिलेल्या एकाही योजनेला एजंट लागत नाही. बाळाचा फोटो टाकून ऑनलाइन वर्गणी गोळा करायची वेळ आली तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातील अशी व्यवस्था करा आणि कापून किती घेतात ते आधी विचारा.

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथल्या ग्रामपंचायतीत, नगर परिषदेत किंवा महापालिकेत होते, जिथे दाखल आहे तिथे नाही. मुदत २१ दिवसांची. नाव ठरलं नसेल तर बिनानावाची नोंद होते. नाव नंतर घालता येतं.

आई ही भेटायला आलेली पाहुणी नव्हे

हा भाग मी कुठल्याही योजनेपेक्षा महत्त्वाचा मानते, आणि सगळ्यात जास्त आडकाठी घरातूनच येते ती इथे.

बाळ तोंडाने पीत नसलं तरी आईचं दूध पहिल्या दिवसापासून काढायचं. पहिल्या काही तासांत सुरुवात, मग दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाशी चार थेंब पिवळं, घट्ट दूध दिसतं आणि सासूबाई म्हणतात, "हिला दूधच नाही." अहो, बाळाला त्या दिवशी लागतंच तेवढं! एक-दोन मिली नळीने देतात आणि ते औषधाइतकंच मोलाचं असतं. हात स्वच्छ धुऊन, उकळून घेतलेल्या, झाकण असलेल्या स्टीलच्या वाटीत दूध काढायचं, वाटीवर नाव, तारीख, वेळ. आई दुसऱ्या रुग्णालयात किंवा घरी असेल तर दूध कशात आणि किती वेळात आणायचं ते सिस्टरांना विचारा, प्रत्येक युनिटचा नियम थोडा वेगळा असतो. आईचं दूध कमी पडत असेल तर ससूनसह शहरातल्या काही रुग्णालयांत मानवी दुग्धपेढी आहे. तिथे देणाऱ्या आयांची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास पाश्चराइझ करतात. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. जावेचं दूध परस्पर आणून देऊ नका.

दुसरं म्हणजे कांगारू केअर. बाळ स्थिर झालं, कधीकधी सीपॅपवर असतानाही, डॉक्टर आईला छातीशी धरायला सांगतात. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. आईच्या उघड्या छातीवर उभं, बेडकासारखे पाय दुमडलेले, मान एका बाजूला, वरून कापडाने बांधलेलं. एका बैठकीला किमान तासभर. ही पद्धत १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटामध्ये इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणून सुरू झाली. आता ती गरिबाघरचा नाइलाज राहिलेली नाही. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात, बाळ स्थिर व्हायची वाट न बघता लगेच कांगारू केअर सुरू केल्यावर मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना दिवसातले आठ ते चोवीस तास कांगारू केअर सुचवते. बाबांनीही धरायचं असतं. छातीवर केस आहेत म्हणून लाजणारे बाबा मी खूप पाहिलेत. पहिल्यांदा दहा मिनिटं काठासारखे ताठ बसतात, मग बाळाचा श्वास त्यांच्या श्वासाबरोबर संथ होतो आणि सिस्टर 'आता द्या परत' म्हणाल्या की हात सोडत नाहीत.

आता घरची मंडळी. "मॅडम, ओली बाळंतीण, सव्वा महिना बाहेर पडू नये." "आज पाचवी आहे, सटवाईची पूजा राहिली, म्हणून बाळाला त्रास होतोय." यावर भाषण देऊन काही होत नाही. मी म्हणते, "आजी, पूजा घरी करा, कोयता-लेखणी ठेवा, आम्ही नाही म्हणत नाही. पण बाळाच्या तोंडात मध, गुटी, जायफळ काही जाऊ द्यायचं नाही. आणि सूनबाईला इथे पाठवा, बाळाचं औषध तिच्याकडे आहे." नव्वद टक्के आज्या ऐकतात, कारण त्यांना काहीतरी काम हवं असतं. त्यांना कांगारू केअरची पाळी द्या, डिंकाचे लाडू करायला सांगा, मोठ्या नातवाला सांभाळायला सांगा. हे 'नव्वद टक्के' माझ्या अंदाजाचे आहेत, कुठल्या पाहणीचे नाहीत.

आई दिवसभर रडते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, बाळाकडे बघवत नाही, 'माझ्यामुळेच झालं' हे थांबत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार असतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, तिला एकटं ठेवू नका. बाबांचं कोणी विचारतच नाही. त्यांना मी एकच विचारते, "जेवलात का?" आणि बहुतेकदा तिथेच बांध फुटतो.

'आम्ही घरी नेतो' म्हणायच्या आधी

डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध बाळ नेण्याचा कागद फार घाईत सही होतो. कारण पैसा असेल तर मला चोवीस तास द्या. बाळाला सरकारी युनिटमध्ये हलवता येतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीत आणि ठरवून. रिक्षातून दुपट्यात गुंडाळून नाही. कारण दुसरं असेल तर तेही बोला. मुलगी आहे, त्यात दुसरी, म्हणून घाई चाललेली असते आणि तोंडाने कोणी कबूल करत नाही. आम्हाला ते कळतं. अशा वेळी मी आईशी एकटीशी बोलते, आणि तो हक्क तिने स्वतःही मागून घ्यावा.

काही बाळं वाचत नाहीत. डॉक्टरांनी तशी कल्पना दिली तर नळ्या कमी करून बाळाला मांडीवर घेता येईल का ते विचारा. बहुतेक युनिट्स हो म्हणतात. आईला न दाखवता परस्पर नेऊ नका. 'तिला सहन होणार नाही' हे घरच्या पुरुषांनी ठरवायचं नसतं. फोटो, पायाचा ठसा, पायाची पट्टी हवी असेल तर मागून घ्या. जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी होतात. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांत तसं स्पष्ट आहे. आणि एक गोष्ट आईला आधीच सांगून ठेवा : दूध येत राहील. नीट आधार देणारी ब्रा, थंड पट्ट्या, लागेल तेवढंच काढून टाकणं, त्रास वाढला तर डॉक्टर. कोणी सांगितलेलं नसलं की तिसऱ्या दिवशी ओला झालेला ब्लाउज तिला पुन्हा मोडून टाकतो.

घरी जाताना आणि गेल्यावर

बाळ स्वतःची ऊब टिकवतं, तोंडाने किंवा वाटी-चमच्याने पुरेसं पितं, काही दिवस सलग वजन वाढतं आणि श्वास मध्येच थांबत नाही, इतकं झालं की सोडतात. त्याआधी एक-दोन दिवस आईला बाळासोबत राहू द्या म्हणून मागणी करा आणि बोंडल्याने पाजणं, टोपी-मोजे, औषधांचे थेंब मोजणं हे सिस्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून बघा. बाटली नको. घरी शेगडी-धुरी, काजळ आणि बघायला येणाऱ्यांची रांगही नको. बारसं महिनाभर पुढे गेलं तर कोणाचं बिघडत नाही.

दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं, श्वास मिनिटाला साठच्या वर, छातीत खड्डा पडतोय, झटके, तळहात-तळपाय पिवळे, किंवा बाळ नुसतं पडून आहे, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

डिस्चार्ज कार्डावर एक तारीख लाल पेनाने गोल करा : डोळ्यांच्या तपासणीची. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवा, फार लहान बाळाचा दोन-तीन आठवड्यांतच. आरओपी नावाचा हा आजार बाहेरून अजिबात दिसत नाही आणि उपचाराला हातात दोन-तीन दिवसच असतात. बाळ अजून दाखल असेल तर तपासणी आतच होते. घरी गेलं असेल तर ती तुमची जबाबदारी. लग्नकार्य, गावची जत्रा, काहीही असो, ही तारीख चुकवू नका. बाळ अंध झाल्यावर 'आम्हाला कोणी सांगितलंच नाही' म्हणणारे पालक भेटतात, आणि कार्डावर ते इंग्रजीत लिहिलेलं असतं. म्हणून मराठीत लिहून मागा.

कानांची तपासणीही डिस्चार्जच्या आधी नाहीतर पहिल्या महिन्यात. लसी जन्मतारखेप्रमाणे, वाढ मात्र सुधारित वयाने मोजायची : आठ आठवडे आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवा. शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्या मावशींना हे गणित एकदा समजावून सांगा. गावात आशाताई घरी येऊन वजन-ताप बघतात. डिस्चार्ज झाल्याचं त्यांना फोन करून कळवा. अशा घरभेटींचा प्रयोग गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केला होता आणि आज देशभरातल्या आशा तेच काम करतात. मान धरणं, बसणं, हाक ऐकणं यात उशीर वाटला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत तपासणी आणि थेरपी मिळते.

फॉलोअपला येताना ती दोनशे पानी वही आणि फाईल दोन्ही आणा. जुन्नर किंवा भोरहून एसटीने येणं परवडत नसेल, किंवा कामावरून सुट्टी मिळत नसेल, तर तारीख बुडवण्याआधी समाजसेवा विभागात फोन करा. डोळे, कान आणि वजन हे तिन्ही एकाच दिवशी बसवता येतं, आणि कंपनीला दाखवायला रुग्णालयाचं पत्रही मिळतं.